सर्दीवर उपाय म्हणून कुत्रा आणू नका

ताई, तुमचा मुलगा सहा वर्षांचा, सर्दी-खोकला सारखा चालू, रात्री मधूनच छातीत घरघर. आणि कुत्रा पाळला की मुलांची प्रतिकारशक्ती वाढते, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पिल्लू आणावं का, असं विचारलंयत. माझी दोन्ही मुलं कुत्र्या-मांजरांतच वाढली, म्हणून सविस्तर लिहिते.

ऐकलंत ते अगदीच निराधार नाही. फिनलंडमध्ये सुमारे ४०० बाळांवर पहिलं वर्षभर लक्ष ठेवलं होतं. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. घरी कुत्रा असलेल्या बाळांना सर्दी-खोकला, कानदुखी कमी झाली, अँटिबायोटिकही कमी लागली. कुत्रा बाहेरून माती-जंतू आणतो, बाळाच्या शरीराला त्यांची लवकर सवय होते, असा अंदाज. पण ही गोष्ट पहिल्या वर्षाची. सहाव्या वर्षी तोच फायदा मिळेल, असं यातून निघत नाही. शिवाय कॅलिफोर्नियातल्या ५,००० हून जास्त मुलांची माहिती २०१७ मध्ये तपासली, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात घेतल्यावर पाळीव प्राण्यांमुळे दिसणारा फरक जवळजवळ उरलाच नाही.

घरघरीसाठी आधी बालरोगतज्ज्ञ. दमा किंवा ॲलर्जी निघाली तर कुत्र्याने त्रास वाढूही शकतो. केस न गळणारी जात घ्या म्हणतील, त्यावर विसंबू नका. ॲलर्जी करणारी प्रथिनं लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात. आधी कुत्रा असलेल्या ओळखीच्यांकडे मुलाला चार-पाच वेळा खेळू द्या, त्या रात्री खोकला कसा राहतो ते बघा.

एवढं करून सगळं ठीक निघालं, तर मात्र जरूर आणा. माझी धाकटी पहिलीत अडखळत वाचायची. मोठ्याने वाच म्हटलं की डोळ्यांत पाणी. मग ती बालभारतीचे धडे आमच्या मोतीला वाचून दाखवायला लागली. तो मध्येच चूक काढत नाही, घाई करत नाही, नुसता कान टवकारून बसतो. भांडण झालं, शाळेत कुणी बोललं, की आधी त्याच्याजवळ जायची, मग माझ्याकडे. मुलाला असं हक्काचं कुणीतरी लागतं, आणि मला हा फायदा सर्दीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. शिवाय दोन वेळा फिरवायला न्यावंच लागतं, त्यामुळे संध्याकाळी मोबाईल आपसूक बाजूला पडतो. एप्रिल-मेमध्ये तेवढं सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच न्या, डांबराने पंजे भाजतात.

तुम्ही दोघंही नोकरीला, म्हणून लहान पिल्लू नको. ते दिवसभर एकटं राहू शकत नाही. दत्तक मिळणारा, शांत स्वभावाचा मोठा देशी कुत्रा बघा. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध पशुवैद्य सांगतील तसं, महापालिकेचा परवाना, आणि खेळून झालं की मुलाचे हात साबणाने धुणं. जेवताना-झोपताना कुत्र्याला छेडायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवा. कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद-चुना काही लावायचं नाही, आणि लगेच दवाखाना.

कुत्र्याऐवजी पोपट आणू का, असंही लिहिलंयत. आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तो विचार सोडा.