इंग्लिशमधल्या ‘सेट’ शब्दाला इतके अर्थ का आहेत आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही विचारलंय की डिक्शनरीत सेट या एवढ्याशा शब्दाला पानंच्या पानं का दिलीत आणि ते सगळं पाठ कसं करायचं. पाठ करायच्या नादाला लागूच नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची १९८९ ची २० खंडांची आवृत्ती आहे ना, तिच्यात नुसत्या सेट या क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ आहेत आणि ती एक नोंद साधारण ६० हजार शब्दांची आहे, म्हणजे बऱ्यापैकी जाडी कादंबरीच की. खुद्द इंग्रजाला पण हे पाठ नसणार. (आता क्विझमध्ये कुणी सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द विचारला तर सेट सांगू नका, नवीन आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर आधी मेक, मग पुट आणि २०११ मध्ये रन पुढे गेला, रनचे तब्बल ६४५ भरले.)

मला हा शब्द कळला तो हात मोडल्यावर. अकरावीत सायकलवरून आपटलो, मनगटाजवळचं हाड सरकलं, आणि डॉक्टर शेजारच्या शिकाऊ पोराला सांगत होते की आधी बोन सेट करू मग प्लास्टर, आणि मला सेट म्हणजे कपबशांचा तेवढाच माहीत, म्हटलं आता हाडांचा सेट कुठून आणतात. आजी बरोबर होती, तिला इंग्लिशचा गंध नाही पण डॉक्टरांच्या हातांकडे बघूनच म्हणाली, "काही नाही रे, हाड बसवणारेत."

तर किल्ली हीच आहे. सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे. हे मी जुळवून सांगत नाहीये, जुन्या इंग्लिशच्याही आधी, तिच्या पूर्वज भाषेतच, बसणेवरून बसवणे असं हे क्रियापद तयार झालंय, आपण करतो तसंच. आणि त्याच्याही मागे गेलात तर संस्कृतचा सद् धातू त्याच कुळातला, ज्याच्यावरून सदन, परिषद, उपनिषद आले. म्हणजे सेट आणि आपली संसद लांबचे भाऊबंद आहेत म्हणा ना.

आता बसवणे घालून बघा. सोनार अंगठीत खडा बसवतो, तिथे इंग्लिशमध्ये सेट. पार्लरवाली केस बसवते, सेट. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात, त्यालाही सेटच म्हणतात, हे कळलं तेव्हा मला फार मजा वाटली होती. कविता चालीवर बसवली, सेट. पावसाने एकदा ठाण मांडलं की सेट इन. जिथे बसवणे चालत नाही तिथे लावणे घालून बघायचं: गजर लावला, घड्याळ लावलं, जेवणाचं टेबल लावलं, सापळा लावला, आग लावली, सगळीकडे सेट. दही लागलं हेसुद्धा त्यातलंच, फक्त हल्ली आपल्याच घरात "दही सेट झालं का" असं विचारतात आणि लागलं म्हणणारी पिढी चालली. सिमेंटचं मात्र मिस्त्रीपासून इंजिनिअरपर्यंत सगळे सेट झालं असंच म्हणतात.

मग कपबशांचा सेट कुठून आला? तर तो मुळात वेगळाच शब्द आहे, जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन, अर्थ पंथ किंवा एका माणसामागे जाणारी मंडळी. उच्चार सारखा झाला म्हणून पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले. नववीच्या गणितातले संच, टेनिसचा सेट, लग्नातला दागिन्यांचा सेट, जिममधले बाराचे तीन सेट, सगळं या दुसऱ्या घरातलं. बेंगळुरूचा सेट डोसापण, तिथे डोसा सेट झालेला नसतो तर दोन-तीन डोसे एकत्र देतात. नेट-सेटमधला सेट यातला कुठलाच नाही हं, ती राज्य पात्रता परीक्षा, इंग्लिश नावाची आद्याक्षरं. आणि "त्याची ऑफिसात सेटिंग आहे" हे तर आपणच मराठीत काढलेलं, लंडनला जाऊन वापरू नका.

एक गोष्ट परीक्षेत हमखास नडते. सेटचा भूतकाळपण सेटच. "ही सेट द अलार्म" यात शेवटचा स नाहीये, म्हणजे त्याने गजर लावला, लावतो नव्हे. सेटेड लिहिणारे मी ग्रॅज्युएट पण बघितलेत.

आता खरी गोची पुढे लागणाऱ्या शब्दांची. सेट अप म्हणजे मांडणी करणे आणि सेट अप म्हणजेच एखाद्याला अडकवणे. सेट असाइड म्हणजे बाजूला काढून ठेवणे, पण कोर्टाच्या निकालात वाचलंत तर आदेश रद्द केला, बाजूला ठेवला नाही, माझ्या चुलत्यांनी जमिनीच्या केसमध्ये हे उलटं समजून दोन दिवस पेढे वाटायचे थांबवले होते. आणि सेट ऑफ तर कहरच: पहाटे प्रवासाला निघाले ते सेट ऑफ, फटाके उडवले ते सेट ऑफ, आणि इन्कम टॅक्सच्या फॉर्ममध्ये धंद्यातला तोटा पुढच्या ८ वर्षांपर्यंतच्या नफ्यातून वजा करून घेता येतो तोही सेट ऑफ. इथे माझं बसवणे काही केल्या बसत नाही. हे दहा-पंधरा तेवढे सरळ घोका.