चालू हेल्पलाइनवर संशोधन कसं बसवायचं?

तुमचा प्रश्न: कोल्हापूर जिल्ह्यासाठी आरोग्य माहितीची फोन सेवा चालवतो, विद्यापीठातल्या विभागासोबत तंबाखू सोडण्याच्या सल्ल्याची चाचणी घ्यायची आहे, मांडणी कशी करावी?

आधी वेळेचं ठरवा. फोन करणाऱ्याची मूळ शंका मिटल्याशिवाय अभ्यासाचा विषय काढायचा नाही, आणि नंतरही तीन-चार मिनिटांत आटपायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या माहिती सेवेत 1993 पासून संशोधकांच्या साथीने चाचण्या झाल्या, त्यात हीच रीत होती: नेहमीचं उत्तर देऊन झालं की मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) किंवा फळं-भाज्या यांवर थोडका सल्ला. छातीत कळ, विषबाधा असे फोन अभ्यासात घेऊच नका, ते 108 कडे.

खरी गोची गट पाडताना होते. एकाच समुपदेशकाने एका फोनला नवा आणि दुसऱ्याला जुना सल्ला द्यायचा म्हटलं, की चार दिवसांत दोन्ही मिसळतात. म्हणून कोणत्या पाळीत नवा सल्ला आणि कोणत्या पाळीत जुना, याची चिठ्ठी काढा, आणि ती संशोधकांनी काढावी. सुपरवायझरवर सोपवलं तर निवांत पाळ्या नव्या सल्ल्याच्या वाट्याला जातात. याची किंमत नमुन्यात मोजावी लागते. सोडण्याचा प्रयत्न करणारे 20 टक्क्यांवरून 30 वर जातील असं धरलं तर माणसागणिक चिठ्ठी काढल्यास दर गटात साधारण 290 माणसं पुरतात. पण एकाच पाळीतल्या माणसांचे निकाल थोडे सारखे येतात. पाळीला फोन करणारे 20 जण आणि हे साम्य 0.02 (0 म्हणजे मुळीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) धरलं की आकडा 400 वर जातो. पुन्हा फोन केल्यावर 30 टक्के सापडणार नाहीत, म्हणजे 570 च्या आसपास. एवढे फोन येत नसतील तर कालावधी वाढवा, नाहीतर चाचणी सोडा.

प्रश्नावलीत ‘तंबाखू खाता का?’ एवढंच विचारू नका. मशेरी लावणाऱ्या बायका सरळ ‘नाही’ म्हणतात. मशेरी, गुटखा, विडी वेगवेगळं विचारा.

चार आठवड्यांनी पुन्हा फोन कराल तेव्हा हँडसेट बहुधा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. ती व्यक्ती स्वतः बोलेपर्यंत विषय सांगायचा नाही. कोणत्या वेळी फोन करावा हे पहिल्याच फोनला विचारून ठेवा. गळीत हंगामात दुपारी कोणी सापडत नाही.

संमती तोंडी चालते, पण तिचा मजकूर आणि ध्वनिमुद्रण नैतिकता समितीकडून आधी मंजूर हवं. मोबाइल नंबर सेवेकडेच राहू द्या, विद्यापीठाला फक्त सांकेतिक क्रमांक. हे, आणि निकाल उलटा आला तरी छापायचा, दोन्ही सामंजस्य करारात लिहून घ्या.