वाचक विचारतात : फायबरची पिन पुसली तरी डाग काऊन राहते?

प्रश्न : भाऊ नमस्कार. हिंगणघाट तालुक्यात गावात माझं सेवा केंद्र आहे, सातबारा, पीक विमा, केवायसी, सगळं नेटवर चालते. बाजूलाच जिनिंग आहे, दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की दोन तासात टेबलावर पांढरा थर बसते. मधात नेट सारखं बंद-चालू व्हायला लागलं म्हणून मोडेमच्या मागची हिरवी पिन काढली, रुमालाने पुसली, सॅनिटायझर लावून परत बसवली. थोडा वेळ बरं चाललं अन् दुसऱ्या दिवशी डायरेक्ट लाल लाईट. लाइनमनने मीटर लावून उजेडाची ताकद मायनस 29 डीबीएम सांगितली अन् पिन बदलून दिली. पण जिनिंग तं काही बंद होणार नाही, मंग डाग न ठेवता पुसायचं कशाने ते एकदा नीट सांगा.
(सेवा केंद्र चालक, जिल्हा वर्धा)

उत्तर : भाऊ, रुमाल अन् सॅनिटायझर दोन्ही बाजूला ठेवा. माझा संशय सॅनिटायझरवर जास्त आहे, कारण त्यात नुसतं अल्कोहोल नसते, हात कोरडे पडू नये म्हणून ग्लिसरीन टाकलेलं असते अन् जेल असलं तर घट्ट करायचं औषधही असते. अल्कोहोल उडून जाते, ग्लिसरीन काही उडत नाही, ते पिनच्या टोकावर पातळ चिकट थर होऊन बसते अन् मंग जिनिंगमधून जे काही उडून येते ते त्याच्यावरच चिकटते. म्हणजे धूळ तुमच्या गावची, पण तिला धरून ठेवणारा गोंद तुम्हीच लावून दिला.

आता हे किती बारीक काम आहे ते सांगतो, कारण ते डोक्यात बसल्याशिवाय कोणी रुमाल सोडत नाही. तुमच्या त्या हिरव्या पिनीत पांढऱ्या सिरॅमिकची 2.5 मिमी जाडीची दांडी दिसते, तिला फेरूल म्हणतात. तिच्या बरोब्बर मधात 125 मायक्रॉनची काच असते अन् त्या काचेच्याही मधातल्या जेमतेम 9 मायक्रॉनच्या भागातून सगळा उजेड जाते. आता कापसाचा एक तंतू घ्या, एकच, तो साधारण 12 ते 20 मायक्रॉन रुंद असते. म्हणजे रुमालाचा एक तंतू त्या टोकावर आडवा पडला तर रस्ता पुरा झाकला जाऊ शकते, अन् तुम्हाला डोळ्याने काहीच दिसणार नाही, पिन चकचकीतच वाटेल. टी-शर्टच्या कोपऱ्याने पुसणारे केबलवाले पोट्टे मी लय पाहतो, त्यांचंही तेच. वरून कपड्यात साबणाचा अंश असते, अंगाचं तेल असते, ते वेगळंच. टिश्यू पेपरही नको, त्याचे रेषे सुटतात.

पहिली गोष्ट म्हणजे कोरडं पुसणं. ह्याच्यासाठी वन-क्लिक क्लिनर म्हणून पेनसारखं एक येते, आत बारीक दोऱ्याची रीळ असते, पिनवर सरळ दाबलं की क्लिक वाजते अन् दोरा टोकावरून फिरून पुढे सरकते, दरवेळी नवा दोरा. 2.5 मिमीचं मागा, कारण 1.25 मिमीचं पेन लहान एलसी पिनसाठी असते, ते तुमच्या कामाचं नाही. एका पेनात साधारण पाचशे क्लिक निघतात, तुमच्यासारख्या एका केंद्राला ते किती वर्षं पुरेल तुम्हीच पाहा. नुसती धूळ असली तर ह्यानेच काम होते, ओलं करायची गरजच पडत नाही.

पण तुमच्यासारखा चिकट थर बसला असला, नाही तर बोट लागलं असलं, तर कोरड्याने तो नुसता पसरते. तिथं ओलं लागते, अन् डाग राहायची सगळी भानगड इथंच होते. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, 99 टक्क्यांचं, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे भेटते. मेडिकलमध्ये 70 टक्क्यांचं भेटते, ते जखमेसाठी ठीक आहे, पण बाकीचं बहुतेक पाणी असते अन् ते उशिरा वाळते. साधं स्पिरिट तर बिलकुल नाही, काही स्पिरिटमध्ये एरंडेल तेलसुद्धा मिसळलेलं असते. नेलपॉलिश रिमूव्हर आणणारेही भेटले आहेत मला, त्यात रंग अन् सुगंध अन् तेल, काय सांगाव बाप्पा.

आता पुसायचं कसं. रेषे न सुटणारा वाईप येते, त्याची घडी टेबलावर ठेवायची, एका बाजूला एकच थेंब टाकायचा. पिनचं टोक त्या ओल्या जागेवर टेकवून तसंच सरळ कोरड्या जागेकडे ओढत न्यायचं, एकदाच, एकाच दिशेने, मागे-पुढे घासायचं नाही. टोक कोरड्या भागावरच सुटलं पाहिजे. हिरवी पिन एपीसी म्हणजे तिरप्या कापाची असते, तिचं टोक 8 अंश तिरपं कापलेलं असते, म्हणून ओढताना ते पूर्ण टेकलं आहे का तेवढं बघा. ओली पिन हवेत धरून फुंकर मारत बसायचं नाही. थेंब आपोआप वाळला की त्यात विरघळलेला मळ कडेला गोळा होऊन गोल रिंग पडते, वाळलेल्या चहाच्या कपाखाली पडते तशी, अन् सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की ती रिंग अशी स्पष्ट दिसते की शंकाच राहत नाही. तुम्ही ज्याला डाग म्हणता तो बहुतेक वेळा हाच. ओलं केलं की लगेच कोरडं पुसणं, ह्याच्यात सुटी नाही. शेवटी पेनाने एक क्लिक मारली तर अजून चांगलं.

आयपीएची बाटली उघडी ठेवू नका, ते हवेतली ओल ओढून घेते, अन् आपल्या उन्हाळ्यात तर उघड्या बाटलीतून उडूनही जाते. पेटतेही लवकर, म्हणून अगरबत्तीपासून लांब. वाईप बाटलीत बुडवायचा नाही, एकदा मळ आत गेला की पूर्ण बाटली मळाची.

अन् लोक हमखास विसरतात ते म्हणजे मोडेमकडचं भोक. पिन कितीही चकचकीत करा, समोर आत जे टोक आहे ते मळकं असलं तर जोडल्याबरोबर मळ इकडचा तिकडे. दोन्ही टोकं दाबाने एकमेकाला टेकतात, मधात बारीक कण राहिला तर काचेला खड्डाही पडू शकते, अन् खड्डा पुसून जात नाही. त्याच पेनाचं पुढचं टोपण काढलं की भोकात घालून क्लिक मारता येते. मोडेमचा करंट बंद करूनच. पिन काढून ठेवायची असली तर टोपी लावा, पण ती टोपीही खिशातली नको, टोपीच्या आतही मळ असते, म्हणून टोपी काढली की परत पुसायचं.

मायनस 29 बद्दल एवढंच, घरच्या फायबरला साधारण मायनस 8 ते मायनस 27 च्या मधात उजेड पोचला तर मोडेम चालते, 29 म्हणजे हद्दीच्या बाहेर. दोन्ही बाजू पुसूनही आकडा हलला नाही तर मळ सोडून द्या, वायर कुठं मुडपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, रस्त्यावरच्या डब्यातला जॉइंट गेला आहे का, हे बघायला लावा. अन् हिरव्या पिनीच्या जागी निळी बसवून जुगाड कोणी करत असेल तर करू देऊ नका, ती सपाट कापाची असते, दोघीत फट राहते.

प्रश्न : फुंकर नको म्हणता तर कॉम्प्युटरच्या दुकानात हवेचा स्प्रे डबा भेटते, तो मारला तर? – केबल ऑपरेटर, आर्वी

उत्तर : नका मारू. डबा जरा तिरपा झाला की आतला गॅस पातळ होऊन बाहेर येते अन् टोकावर त्याचाच थर बसते. धूळ तर भोकात अजून आत जाते. तोंडाच्या फुंकरीत थुंकीचे तुषार असतात, ते तर सांगायलाच नको.

प्रश्न : सर, पिन साफ झाली का नाही हे मोबाइलच्या उजेडात डोळ्याने बघू का? – आयटीआय विद्यार्थी, यवतमाळ

उत्तर : बाळा, डोळ्याने 9 मायक्रॉन दिसत नाही, त्यामुळे बघून फायदा शून्य. अन् लाईन चालू असली तर धोका आहे, कारण फायबरमध्ये 1310 अन् 1490 नॅनोमीटरचा उजेड असते, तो डोळ्याला दिसतच नाही, म्हणून "काही लाईट येत नाही" म्हणून कोणी डोळ्याजवळ नेते. जिल्ह्याच्या ठिकाणी काम शिकायला गेला की 200 किंवा 400 पटीचा फायबर स्कोप मागून घे, स्क्रीनवाला असला तर उत्तम, म्हणजे डोळा लावायचं कामच नाही. आधी बघ, मंग पुस, परत बघ, अन् साफ दिसली तरच जोड. स्कोप नसला तर पॉवर मीटर लावून पुसायच्या आधीचा अन् नंतरचा आकडा वहीत लिहून ठेवायचा.