रॉकवाले स्टील गिटारकडे वळतात ते कशासाठी?

तुमचे प्रश्न दोन. पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर मैफिलीत मध्येच खाली बसतो आणि गिटार आडवी ठेवून लोखंडी बारने वाजवतो, ते खरं स्टीलवादन की नुसती हौस? आणि सहा वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवल्यावर आता थेट पेडल स्टील (पायाच्या पेडलांची स्टील गिटार) घ्यावं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: एवढ्यात घेऊ नका. का, ते पहिल्याच्या ओघात येईलच.

स्टील वाजवणाऱ्या रॉकवाल्यांची जी यादी तुम्ही पाठवलीत, तिच्यातून गिटारवादक ड्युएन ऑलमनला मात्र काढा. औषधाची काचेची बाटली बोटात घालून नेहमीसारख्या धरलेल्या गिटारवर तो वाजवायचा, त्याला स्लाइड म्हणतात. स्टीलमध्ये वाद्य आडवं असतं, तारा उंच उचललेल्या असतात आणि बोटाने तार पडद्यावर दाबायचा प्रश्नच येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाईत जोसेफ केकुकूने ही रीत रुजवली. आपल्या घरांत ती 'हवाईयन गिटार' म्हणून पोचली. सुनील गांगुलींच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्डी आठवत असतील तर तो आवाज तुमच्या कानात आहेच.

पेडल स्टील हा या वाद्याचा अमेरिकी कंट्री संगीतातला अवतार. ई नाइन्थ जुळणीत दहा तारा असतात. पहिलं पेडल दाबलं की बी स्वराच्या तारा सी शार्पवर जातात, दुसऱ्याने जी शार्पच्या तारा ए वर. दोन्ही एकत्र दाबा: बार तसूभरही न हलता ई मेजर कॉर्डचा ए मेजर होतो. गंमत अशी की मधली ई ची तार जागची हलत नाही. एक सूर स्थिर, बाजूचे दोन त्याच्याकडे बघत वर सरकतात. कंट्री गाण्यात जे 'रडणं' ऐकू येतं ते हेच. 1954 साली वेब पिअर्सच्या 'स्लोली' गाण्यात बड आयझॅक्सने हे वाजवलं आणि कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलचे स्टीलवाले आपापल्या वाद्यांना पेडलं बसवायच्या मागे लागले. पुढे गुडघ्याने ढकलायचे लीव्हरही आले. म्हणजे डावा हात बारवर, उजव्याच्या अंगठा-बोटांत घालायच्या नख्या, डावा पाय पेडलांवर, उजवा व्हॉल्यूमवर आणि गुडघे चौफेर. शिलाई मशीन चालवता चालवता सतार वाजवण्याचा प्रकार.

आता रॉकवाले. यात सगळ्यात मन लावून शिकलेला जेरी गार्सिया. त्याचा बँड ग्रेटफुल डेड जोरात असताना 1969 मध्ये त्याने पेडल स्टील घेतलं आणि न्यू रायडर्स ऑफ द पर्पल सेज नावाच्या नव्या कंट्री-रॉक मंडळीत वाजवत बसला. तिथे मुख्य गवई दुसराच, हा कोपऱ्यात स्टीलवर. लोकांसमोर शिकायला जिगर लागते. आधी तो बँजो वाजवायचा, त्यामुळे नख्यांची सवय होती. आणि उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणीच बहुतांश तुटलेलं, हे लक्षात ठेवून ऐका. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंगच्या 'टीच युअर चिल्ड्रन' (1970) मधलं स्टील त्याचंच. हेडफोन लावून नुसती सुरुवात दहा वेळा ऐका. अवघड काही नाही, दोन-तीन सुरांच्या जोड्या, पण गाणं तिथूनच उघडतं. नॅशव्हिलचा मुरलेला वादक त्यात खोट काढेल. मला विचाराल तर तिथे सफाईदार हात आला असता तर गाणं बिघडलंच असतं. तरी 1971 मध्ये न्यू रायडर्सनी बडी केज हा पूर्णवेळ स्टीलवाला घेतला, आणि दोघांचं लागोपाठ ऐकलं की फरक कळतो.

जिमी पेजचं प्रकरण वेगळं. लेड झेपेलिनच्या पहिल्याच अल्बमवर (1969) 'युअर टाइम इज गॉना कम'मध्ये त्याने पेडल स्टील वाजवलंय. सूर थोडा इकडेतिकडे होतो, हे त्याचे भक्तही मान्य करतात. पुढच्या वर्षीच्या 'टँजरीन'मध्ये मात्र बराच जागेवर आलाय. रोलिंग स्टोन्सच्या रॉनी वुडचं 'फार अवे आइज' (1978) मला आवडतं, कारण स्टोन्स तिथे कंट्रीची थोडी थट्टाच करतात आणि स्टील बिचारं मनापासून रडतं.

गिल्मर मात्र कंट्रीच्या वाटेला गेलाच नाही. 'वन ऑफ दीज डेज' (1971) मध्ये त्याचं स्टील गुरगुरतं, 'ब्रीद'मध्ये (1973) तरंगतं आणि 'हाय होप्स'च्या (1994) शेवटी तो लॅप स्टीलवर (मांडीवर ठेवायची, बिनपेडलची स्टील गिटार) लांबच लांब मींड घेतो. सगळं काम बारचं. शोभेचं नक्कीच नाही. त्याला या वाद्याकडून हवा होता तो न तुटणारा सूर, आणि तेवढाच त्याने घेतला.

जाता जाता एक. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या अल्बमसाठी (1970) नॅशव्हिलहून स्टीलवादक पीट ड्रेकला लंडनला बोलावलं. ड्रेक तोंडात नळी धरून स्टीलला 'बोलायला' लावायचा. ते बघायला तरुण पीटर फ्रॅम्प्टन तिथे हजर होता. पुढे फ्रॅम्प्टनच्या गिटारने जगभर जी बडबड केली तिचं मूळ असं एका स्टीलवाल्यात आहे.

आता तुमची खरेदी. तुम्हाला गिल्मरसारखं वाजवायचंय, मग पेडलांवर पैसे कशाला? जुनी गिटार असेल तर नटवर (मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे) बसवायची, तारा उचलणारी पट्टी आणि एक जड बार घ्या. जुळणी ओपन डी: जाड तारेकडून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. यात एकही तार वर चढवावी लागत नाही, म्हणजे गिटारवर ताण वाढत नाही. मी शहाणपणा करून साध्या तारांवर जी, बी, डी, जी, बी, डी लावलं आणि गिटार चार महिने कपाटावर ठेवली. काढली तेव्हा ब्रिज मागून उचलला गेला होता, फटीत पोस्टकार्ड जाईल एवढा.

बार पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर ठेवायचा, मागे नाही. गिटारवाल्यांची पहिली चूक हीच, सगळे सूर खाली उतरतात. स्वतःची मान तिरकी केलीत तरी जागा चुकते, म्हणून बघा कमी आणि ऐका जास्त. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर टेकलेली राहू द्या, नाहीतर बारच्या मागची तार वेगळीच कुरकुर करते. तंबोऱ्याचं ॲप डी वर लावा आणि पहिले पंधरा दिवस एकाच तारेवर सा ते प आणि परत. मग दोन तारा. व्हिब्रेटो (सूर थरथरवणं) इतक्यात नको, बेसूरपणा झाकायला तो फार सोयीचा पडतो.

हे करून वर्षभराने पायही शिवशिवायला लागले तर परत लिहा. तेव्हा तीन पेडलं, चार लीव्हरचं शिकाऊ मॉडेल बघू. आणि व्हॉल्यूम पेडल त्याआधीच घ्या, ते लॅप स्टीललाही लागतं.