सहज फॉर्म भरण्याआधी लग्नाचा प्रश्न सोडवा

पगारासह एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत, घर एकच, म्हणजे आयकर विवरणाचा सहज फॉर्म अर्थात आयटीआर-1 चालेल, असं गोव्यात पटकन समजू नका. तुमचं लग्न पोर्तुगीज नागरी संहितेच्या सामाईक मालमत्तेच्या व्यवस्थेखाली येत असेल, तर 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 5अ लागू होतं. पगार ज्याचा त्याचाच राहतो, पण घरभाडं, मुदत ठेवीचं व्याज असं बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं वाटलं जातं. असं वाटायचं उत्पन्न असलं की सहज बाद. धंदा नसेल तर आयटीआर-2 घ्या.

समजा नवऱ्याच्या नावावरच्या ठेवीवर 80,000 व्याज आलं आणि बँकेने 8,000 टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) कापला. दोघांच्याही विवरणात व्याज 40,000 आणि टीडीएस 4,000 यायला हवा. चुकतं ते इथेच: 26एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, सगळा टीडीएस नवऱ्याच्या पॅनवर दिसतो, म्हणून तो पूर्ण रक्कम घेतो आणि बायको काहीच दाखवत नाही. आयटीआर-2 मध्ये पोर्तुगीज संहितेच्या प्रश्नाला 'हो' म्हणा, जोडीदाराचा पॅन घाला आणि 5अ चं परिशिष्ट भरा. लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवली असेल तर मात्र गोष्ट निराळी. तो कागद हाताशी असू द्या.

अविवाहितांना ही कटकट नाही. त्यांनी करनिर्धारण वर्ष 2025-26 साठी मुख्यतः हे पाहावं: निवासी आहात ना, शेतीचं उत्पन्न 5,000 पर्यंतच ना, कंपनीचे संचालक नाही ना, शेअर बाजारात नोंदणी नसलेले शेअर नाहीत ना. बाजारात नोंदणीकृत शेअरांचा दीर्घकालीन (वर्षाहून जास्त ठेवून विकल्याचा) नफा 1.25 लाखापर्यंत असेल तर सहजमध्ये बसतो. अल्पकालीन नफा एक रुपयाचा असला तरी नाही.