'छी' म्हणजे शेंग नव्हे, तुराटी

प्रश्न असा आहे: तिसऱ्या शतकातला चिनी कवी त्साओ झी याच्या 'सात पावलांच्या कविते'त 'शेंगा जाळून दाणे तळले' हे भाषांतर बरोबर का? आणि तिथे 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण बसेल का?

शेंगा चूक. मूळ चिनी शब्द 'छी'. दाणे झोडून घेतल्यावर सोयाबीनचं जे वाळकं खोड नि काटक्या उरतात, ती छी. विदर्भ-मराठवाड्यात तुरीच्या अशा काटक्यांना तुराटी म्हणतात आणि ती चुलीतच जाते. मी भाषांतरात हाच शब्द घेईन, पीक बदललं तरी चालेल. 'तुराटी'त तूर ऐकू येते, त्यामुळे जळणाचं आणि शिजणाऱ्या दाण्याचं नातं वेगळं सांगावं लागत नाही. 'सरपण' म्हटलं की ते नातं तुटलं, आणि कविता तर त्याच नात्यावर उभी आहे.

इ.स. ४३०च्या सुमारास संकलित झालेल्या किस्स्यांच्या एका ग्रंथात गोष्ट येते: सम्राट त्साओ पी धाकट्या भावाला, त्साओ झीला, म्हणतो, सात पावलांत कविता कर, नाहीतर मरण. भाऊ म्हणतो,

दाणे शिजवले आमटीसाठी,
गाळून घेतला त्यांचा रस.
तुराटी जळते भांड्याखाली,
दाणे भांड्यात टिपं गाळती.
जन्म आपला एकाच मुळाचा,
मग एवढा जाळ कशासाठी?

सर्वांच्या तोंडी असलेली चार ओळींची कविता ही याचीच आटोपशीर आवृत्ती; तिच्यात गाळण्याची ओळ नाही.

'तळले' कुठून आलं? शेवटच्या ओळीतलं क्रियापद 'जिएन'. आजच्या चिनीत त्याचा अर्थ थोड्या तेलात परतणं. पण पाणी आटेपर्यंत उकळणं हाही त्याचा अर्थ आहे. औषधी काढा करायला आजही हेच क्रियापद लागतं. कवितेत रस आहे, भांडं आहे, तेलाचा थेंब नाही. त्याच ओळीतला शेवटचा शब्द 'जी' घाई आणि प्रखरता दोन्ही सांगतो. मोठ्या आचेलाही चिनीत 'जी' आच म्हणतात. म्हणून मी 'जाळ' घेतला. 'रस', 'टिपं' आणि 'जी' यांचे मूळ शब्द एका यमकात आहेत. जुन्या उच्चारात तिन्ही 'प'वर संपत, आणि कँटोनीजमध्ये अजून संपतात: चप, यप, गप. ओठ मिटून आवाज तुटतो. मराठीत ते मला साधलेलं नाही.

म्हण समजावून सांगायला चांगली, भाषांतर म्हणून नको. तिच्यात लाकूड परक्या लोखंडाला जाऊन मिळतं, आणि दोष दांड्याला लागतो. कवितेत परकं कुणी नाही, तुराटीचीही राखच होते, आणि भाऊ आरोप न करता विचारतो.

एक जपायचं: 'त्साओ झीच्या नावावर असलेली' असंच लिहावं. तो २३२ मध्ये वारला. ग्रंथ त्यानंतर दोनेक शतकांनी आला, आणि तिसऱ्या शतकातल्या त्याच्या चरित्रात हा प्रसंग नाही.

चिनीत 'झू दोउ रान छी', म्हणजे दाणे शिजवायला त्यांचीच तुराटी पेटवणं, हा भाऊबंदकीसाठी रूढ वाक्प्रचार झाला. जानेवारी १९४१ मध्ये तेव्हाच्या सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाच्या फौजांनी कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेवर हल्ला केला, तेव्हा कम्युनिस्ट नेते चौ एनलाय यांनी निषेधाच्या चार ओळी लिहिल्या. त्यांतली शेवटची म्हणजे या कवितेचीच शेवटची ओळ, फक्त एक अक्षर गाळून.