वाचकांचे प्रश्न : जाहिरातीतून झालेली विक्री सर्व्हरवरून मोजताना

जाहिरातीच्या खर्चाचा हिशेब या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सर्व्हरवरून कन्व्हर्जन नोंदवण्याबद्दल आहेत. जाहिरातीवरून आलेल्या माणसाने केलेली खरेदी, भरलेला अर्ज किंवा केलेली नोंदणी म्हणजे कन्व्हर्जन, एवढे आरंभी सांगून थेट प्रश्नांकडे वळतो.

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावर गेल्या महिन्यात १४० ऑर्डरी आल्या, परंतु पिक्सेलने त्यांपैकी ९२ खरेदीच जाहिरातीच्या खात्यापर्यंत पोहोचवल्या. जाहिरातीचे काम पाहणारे गृहस्थ म्हणतात की सर्व्हरवरून ट्रॅकिंग सुरू केले की हा फरक मिटेल. हे खरे आहे का?

उत्तर : निम्मे खरे आहे, आणि उरलेले निम्मे आधीच समजून घेतले नाही तर पुढे निराशा पदरी पडते.

पिक्सेल ही ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालणारी छोटी स्क्रिप्ट असते. ती उतरली पाहिजे, चालली पाहिजे आणि तिने पाठवलेली विनंती बाहेर पडली पाहिजे. या तिन्ही गोष्टी घडल्या तरच खरेदीची नोंद होते. अ‍ॅड ब्लॉकर असेल तर ती उतरतच नाही. पैसे भरून झाल्यावर ग्राहकाने आभाराचे पान उघडण्याआधीच खिडकी बंद केली, तर ऑर्डर पक्की होते पण स्क्रिप्टला चालण्याची संधीच मिळत नाही. त्यात सफारीने २०१९ मध्ये स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचे (ग्राहक पुन्हा ओळखता यावा म्हणून ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीचे) आयुष्य ७ दिवसांवर आणले आणि मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या सर्व कुकी बंद केल्या. त्यामुळे दहा दिवसांनी परत येऊन खरेदी करणारा ग्राहक पिक्सेलला नवखाच वाटतो.

सर्व्हरवरून नोंद करताना हे काम ब्राउझरवर न सोडता, ऑर्डर पक्की झाल्याची खात्री होताच आपला सर्व्हर स्वतःच जाहिरात कंपनीच्या सर्व्हरला तसे कळवतो. मेटाकडे यासाठी कन्व्हर्जन्स एपीआय आहे, तर गूगलकडे एन्हान्स्ड कन्व्हर्जन्स आणि ऑफलाइन कन्व्हर्जनची आयात असे मार्ग आहेत. १४० आणि ९२ यांमधील जो फरक नोंद न पोहोचल्यामुळे पडला आहे, तो या उपायाने बहुतांशी भरून निघतो.

मात्र नोंद पोहोचणे आणि ती विक्री जाहिरातीच्या खात्यावर जमा होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ज्याने आपली जाहिरात कधी पाहिलीच नाही, त्याची ऑर्डर कितीही नीट कळवली तरी ती कोणत्याही जाहिरातीच्या नावे लागणार नाही, आणि लागूही नये. शिवाय गूगल अ‍ॅड्सच्या नेहमीच्या कन्व्हर्जनच्या रकान्यात विक्री ऑर्डरच्या तारखेला न दिसता क्लिकच्या तारखेला दिसते, त्यामुळे महिनाअखेरीस दोन याद्या शेजारी ठेवल्या की मेळ बसत नाही. म्हणून जाहिरातीच्या अहवालात १४० पैकी १४० दाखवून देण्याचे आश्वासन कोणी दिले, तर ते स्वीकारू नये.

प्रश्न : यासाठी सर्व्हर साइड टॅग मॅनेजर घ्यावा, की आमच्या डेव्हलपरकडून थेट कोड लिहून घ्यावा?

उत्तर : या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. आपल्याकडे स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा डेव्हलपर असेल, तर खरेदीची नोंद थेट ऑर्डरच्या तक्त्यावरून पाठवावी.

सर्व्हर साइड टॅग मॅनेजरविषयी एक गैरसमज इतका पसरला आहे की तो आधी दूर करणे भाग आहे. त्याच्या नेहमीच्या मांडणीत ब्राउझरमधील टॅग, म्हणजे पिक्सेलसारखी छोटी स्क्रिप्ट, आपल्या उपडोमेनवरील कंटेनरला, म्हणजे टॅग मॅनेजरच्या सर्व्हरला, माहिती पाठवतो आणि तेथून ती पुढे वाटली जाते. म्हणजे माहितीचा उगम अजूनही ब्राउझरच असतो. ग्राहकाने आभाराचे पान उघडले नाही, तर त्या कंटेनरला काहीच ऐकू जात नाही. त्याचे फायदे खरे आहेत : ग्राहकाच्या ब्राउझरवरचा स्क्रिप्टचा भार कमी करता येतो, कोणाला कोणती माहिती द्यायची हे आपल्या हातात राहते, आणि कुकी सर्व्हरकडून ठेवता येते. परंतु २०२३ पासून सफारी अशी कुकी ठेवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता मुख्य संकेतस्थळाच्या पत्त्याशी ताडून पाहते आणि तो फारच वेगळा निघाला, तर त्या कुकीलाही ७ दिवसांचीच मुदत देते.

थेट मार्गाने जायचे असेल तर एका ऑर्डरचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. ग्राहक जाहिरातीवर क्लिक करतो तेव्हा पानाच्या पत्त्याला क्लिकची ओळख जोडलेली असते. गूगलची जीसीएलआयडी, मेटाची एफबीसीएलआयडी. ती त्याच क्षणी आपल्याकडे जपून ठेवावी. ग्राहक पैसे भरण्याच्या पानावर येतो तेव्हा ऑर्डरच्या ओळीतच ही ओळख, मेटाच्या एफबीपी आणि एफबीसी या कुकींतील मजकूर, ग्राहकाचा आयपी पत्ता, त्याच्या ब्राउझरची ओळख सांगणारी ओळ आणि संमतीची स्थिती लिहावी. पुढे पेमेंट गेटवेकडून पैसे जमा झाल्याचा वेबहुक, म्हणजे त्याच्या सर्व्हरने आपल्या सर्व्हरला आपोआप पाठवलेला निरोप, आला, की ही साठवलेली ओळ उचलून कन्व्हर्जन पाठवावे.

मधली पायरी टाळता येईल असे अनेकांना वाटते, आणि गफलत नेमकी तेथेच होते. वेबहुक गेटवेच्या सर्व्हरकडून येतो, ग्राहकाच्या फोनवरून नव्हे. एका कामात आम्ही वेबहुकच्या विनंतीतूनच आयपी पत्ता आणि ब्राउझरची ओळ उचलून पाठवत होतो. इव्हेंट, म्हणजे आम्ही पाठवलेल्या नोंदी, व्यवस्थित स्वीकारले जात होते, कोठेही चूक दाखवली जात नव्हती, तरीही विक्री जाहिरातींशी जुळत नव्हती. शेवटी पाठवलेल्या नोंदी एकाखाली एक लावून पाहिल्या, तेव्हा शेकडो ग्राहकांचा आयपी पत्ता एकच निघाला. तो गेटवेचा पत्ता होता. ऑर्डर घेतानाच सगळे लिहून ठेवावे, हा माझा आग्रह त्या दिवसापासूनचा आहे.

आणखी एक गोष्ट. वेबहुक आल्यावर कन्व्हर्जन रांगेत टाकावे आणि ते वेगळ्या प्रक्रियेने पाठवावे. जाहिरात कंपनीचा सर्व्हर काही काळ बंद असला म्हणून ग्राहकाची ऑर्डर अडकता कामा नये.

प्रश्न : आम्ही मेटाचा पिक्सेल आणि कन्व्हर्जन्स एपीआय दोन्ही चालू ठेवले आहेत. तेव्हापासून खरेदीचा आकडा जवळपास दुप्पट झाला आहे. पिक्सेल काढून टाकावा का?

उत्तर : काढू नये. दोन्हीकडून नोंद पाठवण्याची शिफारस मेटा स्वतःच करते, कारण ब्राउझरकडे असलेली काही माहिती सर्व्हरकडे नसते. अट एवढीच की एकाच खरेदीच्या दोन्ही नोंदींवर इव्हेंटचे नाव आणि इव्हेंट आयडी तंतोतंत एकच असावा. तसे असेल आणि दुसरी नोंद पहिलीनंतर ४८ तासांच्या आत आली, तर दोन्ही मिळून एकच खरेदी धरली जाते. आपल्याकडे बहुधा सर्व्हर एक आयडी तयार करत आहे आणि ब्राउझर दुसरा.

सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे ऑर्डर क्रमांकावरूनच इव्हेंट आयडी बनवणे. सर्व्हरला तो माहीत असतो, आभाराच्या पानालाही तो दाखवता येतो, आणि ग्राहकाने ते पान तीनदा ताजे केले तरी आयडी बदलत नाही. गेटवेला आपल्याकडून वेळेत उत्तर मिळाले नाही तर तो तोच वेबहुक पुन्हा पाठवतो. अशा वेळीही हा स्थिर आयडी उपयोगी पडतो. तरीही ऑर्डरच्या ओळीत 'कन्व्हर्जन पाठवले' अशी खूण ठेवून दुसऱ्यांदा पाठवणे आपल्याकडूनच थांबवावे. गूगलकडे हेच काम व्यवहार क्रमांक करतो.

याच्या उलट दिशेची चूकही पाहण्यात येते. एखाद्या पानाचा आयडी पान तयार होताना सर्व्हरवर बनतो आणि ते पान कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा तसेच देण्यासाठी राखलेल्या प्रतींत, जाते. मग पुढच्या सर्व पाहुण्यांना तेच पान, तोच आयडी मिळतो, आणि वेगवेगळ्या माणसांच्या नोंदी एकाच माणसाच्या समजून गाळल्या जातात. आकडा वाढला की लक्ष लगेच जाते, घटला की ते मंदीच्या माथी मारले जाते. त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. उत्पादनाचे पान किंवा अर्जाचे पान कॅश होत असेल, तर त्याचा आयडी ब्राउझरमध्ये तयार करून तोच सर्व्हरकडे पाठवावा.

प्रश्न : आम्ही ईमेल आणि फोन दोन्ही हॅश करून पाठवतो, तरी इव्हेंटच्या जुळणीचा दर्जा कमीच दाखवला जातो. आणखी काय पाठवायचे?

उत्तर : आणखी काही पाठवण्याआधी, जे पाठवत आहात ते नीट पाहावे.

हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला संकेत; जाहिरात कंपनी तो आपल्याकडच्या हॅशशी जुळवून माणूस ओळखते. एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश केल्यावर एका अक्षराचा फरकही पूर्ण वेगळे उत्तर देतो, आणि जवळपास जुळणारे असे काही तेथे नसते. मोबाइलचा कीबोर्ड ईमेलचे पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत घेतो, आणि आपोआप भरलेल्या मजकुराच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहून जाते. डोळ्यांना पत्ता तोच दिसतो, हॅश मात्र वेगळा निघतो. म्हणून हॅश करण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि सर्व अक्षरे लहान लिपीत आणावीत.

फोनच्या बाबतीत दोन कंपन्यांचे नियम वेगळे आहेत आणि बहुतेकांची गाडी येथेच अडते. मेटाला देशाच्या संकेतांकासह केवळ अंक हवे असतात, त्यात अधिकचे चिन्ह नको. गूगलला तोच क्रमांक सुरुवातीच्या अधिकच्या चिन्हासह हवा असतो. एकदा हॅश करून तोच दोघांना पाठवला, तर एकाकडे तो कधीच जुळणार नाही. तेव्हा हॅश साठवून न ठेवता पाठवताना प्रत्येकासाठी वेगळा तयार करावा.

या सफाईचा अतिरेकही होतो. आयपी पत्ता, ब्राउझरची ओळ, एफबीपी आणि एफबीसी हे हॅश न करता जसेच्या तसे द्यायचे असतात. क्लिकच्या ओळखीत लहान आणि मोठ्या लिपीचा भेद अर्थपूर्ण असतो. सर्वच रकाने एका फटक्यात लहान लिपीत करणारा कोड ही ओळख कायमची बिघडवतो. आपल्या डेव्हलपरने नेमके हेच केले नाही ना, ते सर्वांत आधी तपासावे. दुसरी शक्यता दुहेरी हॅशची : काही तयार लायब्ऱ्या हॅश स्वतःच करतात आणि आपण त्यांना आधीच हॅश केलेला मजकूर देतो.

प्रश्न : ज्या पाहुण्याने कुकीला नकार दिला आहे, त्याची खरेदी सर्व्हरवरून पाठवता येते का? ब्राउझरला तर ते दिसत नाही, आणि माहितीही हॅश केलेली असते.

उत्तर : तंत्राच्या दृष्टीने पाठवता येते, आणि म्हणूनच पाठवू नये. माणसाने नकार दिला तो आपली माहिती जाहिरात कंपनीला देण्याला. ती ब्राउझरच्या वाटेने जाते की सर्व्हरच्या, याने त्या नकारात काही फरक पडत नाही. हॅशचा आधारही येथे लागू पडत नाही. जाहिरात कंपनीकडे तोच ईमेल आधीपासून असतो, तिने त्याचा हॅश काढला की माणूस ओळखला जातो. तसा तो ओळखला जावा म्हणूनच तर आपण हॅश पाठवतो. संमतीची स्थिती ऑर्डरच्या ओळीत लिहावी असे वर म्हटले ते यासाठीच : वेबहुक येतो तेव्हा ग्राहक समोर नसतो, त्याने काय सांगितले होते ते त्या ओळीलाच माहीत असते.

प्रश्न : सगळे बसवून झाले आहे. चालू करण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर : इव्हेंटची वेळ सेकंदांत आहे ना, ते प्रथम पाहावे; अनेक भाषांत ती सहजपणे मिलिसेकंदांत मिळते आणि मेटाची विनंती तेवढ्यासाठी नाकारली जाते. रक्कम स्वल्पविराम आणि चलनचिन्ह यांशिवाय केवळ संख्या म्हणून जावी, आणि चलनाचा तीन अक्षरी संकेत वेगळा जावा. मेटाला ७ दिवसांपेक्षा जुना इव्हेंट चालत नाही, आणि एकत्र पाठवलेल्या गठ्ठ्यात असा एकही इव्हेंट असला तर संपूर्ण गठ्ठा परत येतो. रांग तुंबून राहिली असेल तर हे ध्यानात ठेवावे. मेटाच्या चाचणीसाठी लावलेला कोड खऱ्या वाहतुकीपूर्वी काढावा. प्रवेशाचा टोकन, म्हणजे नोंदी पाठवण्याची परवानगी देणारी गुप्त किल्ली, सर्व्हरवरच राहावा, पानाच्या कोडमध्ये तो कधीही जाऊ नये.

त्यानंतर पुढील दोन आठवडे रोज तीन आकडे शेजारी लिहावेत : ऑर्डरच्या तक्त्यातील पक्क्या व संमती असलेल्या ऑर्डरी, आपण पाठवलेली कन्व्हर्जन, आणि जाहिरात कंपनीने स्वीकारलेली कन्व्हर्जन. पहिले दोन आकडे रोज तंतोतंत जुळलेच पाहिजेत, कारण ते दोन्ही आपल्याच घरचे आहेत. तिसरा मागे पडत असेल तर नाकारलेल्या विनंतीला आलेले उत्तर पूर्ण वाचावे. कारण त्यात लिहिलेले असते. जाहिरातींची स्वयंचलित बोली, म्हणजे कोणाला जाहिरात दाखवण्यासाठी किती पैसे लावायचे हे आपोआप ठरवणारी व्यवस्था, याच नोंदींवरून शिकते. त्यामुळे दुप्पट किंवा अर्धवट नोंदींवर ती चालू केली, तर चुकीच्या माणसांवर पैसे खर्च होतात आणि आकडे दुरुस्त केल्यावरही तिला सावरायला वेळ लागतो. तिन्ही आकडे स्थिर होईपर्यंत बोलीची पद्धत आणि खर्चाची मर्यादा आहे तशीच ठेवावी.